नावं पुसलेल्या दोन नळ्या

सोमवार, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं, तळमजला, खिडकी क्रमांक तीन — थांबा, डबीवर वेळ घालतोय, घालावीच लागते. आणि थुंकीची डबी अशी हातात नका धरू, ठेवा त्या ट्रेमध्ये. खोकला किती दिवस आहे वहिनींना? — तीन आठवडे. आणि तुम्ही आज येताय. असो, तुम्हाला बोलून काय उपयोग, इथे आम्हालाच कुणी वेळेवर काही सांगत नाही. — अहो, हे आडनाव... पाळणाघरात काम करते ती मुलगी तुमची कोण? — लेक? — बसा. नाही, बसा म्हणतोय ना. स्टूल भिंतीला टेकवा, एक पाय आखूड आहे त्याचा.

काही नाही, आठवली म्हणून विचारलं. गोळ्यांच्या कार्डाला खाकी कागदाचं कव्हर, रोजच्या रोज खूण, एक दिवस चुकलेला नाही. एकतीस वर्षं या खिडकीत काढली, कार्डाला कव्हर घालणारी ती एकटीच. — हो, आम्हीच सोडलं तिला परत कामावर. दहा आठवडे झाले. कशावरून सोडलं? — तुम्ही नाही विचारलंत, पण विचारायला हवं होतं.

जुनी पद्धत अशी, की काचेवर थुंकी पसरायची, लाल रंग चढवायचा, सूक्ष्मदर्शकातून मोजायचं. क्षयाच्या जंतूच्या अंगावर मेणासारखं आवरण असतं, त्यात रंग एकदा बसला की आम्लानंही निघत नाही. पण जंतू मेलेला असला तरी लाल, जिवंत असला तरी लाल. औषध लागू पडलं की नाही, काय कळणार कपाळ! म्हणून विद्यापीठातली मंडळी नवी पद्धत घेऊन आली. एक साखर, तिला बांधलेला एक रंग. जिवंत जंतू ती साखर आपल्या बाहेरच्या आवरणात विणून टाकतो, आणि त्या मेणात शिरल्यावरच रंग पेटतो. पाण्यात अंधार. मेलेला जंतू विणणार कुठून? तिथेही अंधार. चांगली गोष्ट आहे हो, मी तिच्या विरुद्ध नाही. मी तर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा — काळ्याभोर पाण्यात हिरव्या काड्या — जाऊ द्या.

चुकलं कुठे? शाईत. काचेवर आम्ही पेन्सिलीनं नाव घालतो, पेन्सिल कशालाच दाद देत नाही. नव्या पद्धतीच्या नळ्या प्लास्टिकच्या, त्यावर पेन्सिल उठत नाही, म्हणून मार्कर. आणि तपासायच्या बंद पेटीतून बाहेर काढताना प्रत्येक नळी स्पिरिटनं पुसायची — हा नियम माझाच, भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलाय, तो बघा. पुसल्या. दोन नळ्या कोऱ्या झाल्या. एक तुमच्या लेकीची, एक सात नंबरच्या खोलीतल्या बाबांची. उरलेली थुंकी? ती डब्यांसकट सकाळीच जंतू मारायच्या वाफेच्या भांड्यात गेली, तोही नियम. आणि त्या दोन नळ्यांतली एक चमकली, एक नाही. — कुठली कुणाची? तेच तर!

मी वर गेलो, आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना म्हटलं, दोघांची थुंकी पुन्हा घेऊ, एका दिवसाचा प्रश्न आहे. मॅडम म्हणाल्या, "विद्यापीठाला चाळीस नमुने कबूल केलेत, शुक्रवारी अहवाल जातोय, अडतीस कसे पाठवू? तुमचा अनुभव काय सांगतो?" अनुभव! एकतीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. — हो, तक्ता मीच भरला, कुणी माझा हात धरून लिहून घेतलं नाही. बाबांच्या तोंडाला दारूचा वास यायचा, उशीखाली न घेतलेल्या गोळ्या सापडल्या होत्या, आणि तुमच्या लेकीच्या कार्डाला कव्हर. तुम्ही काय लिहिलं असतंत? मी लिहिलं — बाबा, जिवंत. मुलगी, मृत. — अहो बसा, जंतू! जंतू मृत!

बाबा अजून सातमध्येच आहेत. सुनेला वर सोडत नाहीत, ती फाटकाशी उभी राहते, हे खिडकीतून हात करतात. मी दिसलो की ओरडतात, "काय टेक्निशियन, पेटलो का रे मी?" दर पंधरा दिवसांनी तपासली त्यांची थुंकी, आता मी स्वतः काचेच्या नळीवर नाव कोरतो. चार वेळा. चारही वेळा अंधार. — तुम्ही म्हणाल, त्यांचे जंतू नंतर औषधानं मेले असतील. वहिनींना लागण असलीच तर आधीचीच असेल. असेल ना. बाबांबद्दल मॅडमही तेच म्हणतात. तोंडी.

मग तुम्हाला बोलावलं का नाही? चिठ्ठी लिहिली होती. ही काय, खिशात आहे, घडीवर फाटलीसुद्धा. मॅडमच्या सहीशिवाय बाहेर पाठवायची नाही म्हणाले ऑफिसात. आणि मी — नाही पाठवली. सात महिने राहिलेत माझे निवृत्तीला.

नका बघू असं. उठा. लेकीला पाळणाघरातून थेट इथे घेऊन या, आजच. तिथे काही बोलू नका — नको, बोला, बोलाच. खिडकी एकला बंद होते, मी तीनपर्यंत उघडी ठेवतो. जा म्हटलं ना.

त्या दिवशी चमकली ती नळी कुणाची, हे मी मॅडमना लेखी विचारलंय. पोच आहे, शिक्क्यासकट. आज चौदावा दिवस.