मेंढीचं प्रथिन

कँटीनच्या रांगेत माझ्यापुढे प्रयोगशाळेतल्या दोघी उभ्या होत्या.

"ताई, रक्ताचा नमुना यंत्रासाठी तयार करायच्या तीन पद्धती ताडून पाहिल्या. सरांच्या पद्धतीत सगळ्यांत जास्त प्रथिनं सापडली."

"मग रडतेस कशाला?"

"रक्त सरांचंच होतं. त्यात मेंढीचं प्रथिन निघालं."

"अगं बाई! कुठून आलं?"

"माझ्या लोकरी स्वेटरातून. तंतू पडला असणार."

"मग सांगून टाक की!"

"सांगितलं. म्हणाले, माझ्या पद्धतीत बाहेरचं काही शिरूच शकत नाही."

"मग आता?"

"आत्ताच त्यांनी आईंना फोन लावला, आपल्या घराण्यात कधी मेंढी होती का विचारायला."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, माझ्या माहेरी असलं काही नाही. आलं असेल तर तुझ्या वडिलांकडून."