आधी नावं, मंग हलगी

मी दिंद्रुडची, म्हंजी सासर दिंद्रुड, माहेर धारूरकडं डोंगरात, आमच्या मातंग वस्तीत लेकराच्या कानात पैली हलगीच पडती, काय सांगू ताई तुमाला. बाप वाजवायचा, माय गायची, चाली तिच्या सोताच्या, ऊस तोडता तोडता जुळवलेल्या. मी सातवीपस्तोर शिकले, मंग लगीन, मंग कोयता. पण उसाच्या फडावर गावोगावच्या बाया, वळख ना पाळख, तरी गाणं सुरू झालं की एकीला एक लागायची. मीच म्हणले, बायांनो, आपलं पथक करू. आकराजणी झालो. बापये हसले, बायांनी हलगी धरली तर आमी काय भाकरी थापाव का. म्हणले थापा की.

तर धारूरला लोककलेचा कार्यक्रम निघाला. मी वहीच्या पानावर आकराही नावं लिवून दिली, आडनावासकट. गेलो, तर तिथला पांढऱ्या कपड्यातला माणूस म्हणतो, तुमी दारात थांबा, सायबाची गाडी आली की वाजवा. म्हणले दादा, आमी गाणाऱ्या हाव, यादी दिलीया. म्हणतो स्टेजवर कलाकार असत्यात, हलगीवाले दारातच असत्यात, कशापाई डोकं खाती गं. आन स्टेजवर कोण, तर जरीचा फेटा बांधलेला एकजण, माझ्या मायची चाल गातोय वो! म्हणतोय पारंपरिक हाय. पारंपरिक म्हंजी कुणाचीच न्हाई का? माझी माय जित्ती हाय, आजून मोळ्या बांधती!

अंगाची आग झाली बघा. भ्याव बी लई वाटत व्हतं, कडंवर लेकरू, परत ह्या कार्यक्रमवाल्यांच्याच रानात कामाला जायचंय. पण हलगी जाळावर शेकल्याबिगर वाजत न्हाई, आन आमी जाळच केला न्हाई. त्या माणसाच्या ध्यानात बी आलं न्हाई, त्येनं कवा चूल पेटवली. गाडी आली, हा वरडतोय वाजवा, वाजवा, आन आमच्यातल्या शेवंताकाकूनं टिपरू मारलं तर गारठ्यानं सैल पडलेली हलगी नुसती भद्द. लोक हसाय लागले. सायबाचा एक पाय गाडीत, एक भाईर, वाजल्याबिगर उतरावं का न्हाई त्येला कळंना. मी म्हणले, आधी माईकवर आमची नावं, मंग जाळ.

वाचली मंग त्या पांढऱ्या कपड्यावाल्यानं, दात खात वाचली, आकरा. बारावं मायचं मी सांगितलं, चाल कौसाबाईची हाय म्हणा. म्हणलं त्येनं. मंग जाळ केला, हलगी शेकली, स्टेजवर चढून गायलो. एकच गाणं. दुसऱ्याला माईक बंद केला मेल्यांनी.

आता नवऱ्याला कार्यक्रमवाल्यांचे निरोप येत्यात, बायकूला आवर म्हणून. दार वाजलं की आधी फटीतनं बघते. पण दर ऐतवारी वस्तीवर बाया गायला येत्यात, परवा दोघी लांबून लेकी घिऊन आल्या, त्येंची नावं त्याच वहीत लिवली. मायला फोनवर सांगितलं, तर म्हणती, नुसतं कौसाबाई? म्हणले व्हय, गडबडीत तेवढंच निघालं तोंडातून. मंग म्हणती, सुखी ऱ्हावा गं लेकींनो, आन पुढच्या बारीला माझं आडनाव बी घ्याय लाव.