फैलाकाच्या मठातलं गाऱ्हाणं

(फैलाका बेटावरून कुवेत शहराकडे परतणारी बोट, शुक्रवारची दुपार. वरच्या कठड्याशी दोघं उभी: प्रभा, इस्पितळातली नर्स, आणि जयराम, एसी मेकॅनिक, मूळचा मालवणकडचा.)

प्रभा: हिशेब बघा ना. इथल्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद, गणपतीत स्टेजवरची मधली खुर्ची, आणि बायकापोरं गावी ठेवून इथे एकटे राहणाऱ्या तुम्हा अठ्ठावीस 'बॅचलरांची' एकगठ्ठा मतं. एवढं सगळं डॉक्टर नीरजना एका सहलीत मिळत होतं. बोट त्यांची, बिर्याणी त्यांची. आणि तुम्ही पाच मिनिटांत सगळ्यावर पाणी ओतलंत.

जयराम: मी खंय ओतलंय? तेंनीच माका पुढे केल्यानी. म्हणाले, जयराम, जुना मठ आहे, तुमचं ते कोकणातलं गाऱ्हाणं होऊन जाऊ दे, सगळे लाइव्ह बघतायत.

प्रभा: त्यांना वाटलं, लोकगीत असेल. शेवटी टाळ्या, मग फोटो.

जयराम: गाऱ्हाणा म्हणजे गाणा नाय ओ ताई. परक्या जागेत पाय ठेवलो की थंयच्या राखणदाराक खरा सांगूचा लागता. कोण इले, कित्याक इले, मनात काय असा. थंय खोटा चलणा नाय.

प्रभा: अहो, पण हा राखणदार ख्रिस्ती साधूंचा. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा. त्याला मालवणी कळली असेल?

जयराम: इतकी वर्षा एकटो बसलोहा. कोणी बोलला तर ऐकतलोच.

प्रभा: त्याने ऐकलं, आणि फोनवर साडेतीनशे लोकांनीही. बिचारे डॉक्टर अर्धा तास त्या गुडघाभर भिंतींपुढे उन्हात उभे राहून त्याग समजावत होते. साधूंनी घरदार सोडलं, एकेका कोठडीत एकेक साधू राहायचा. आणि मागून तुमच्या खोलीतला रूपेश म्हणतो, एकेक? म्हणजे चैन होती.

जयराम: खरा ता. आमच्या अबू हलीफाच्या खोलयेत सहा जण. बायका नाय, पोरा नाय, एका टोपातला जेवण. डॉक्टरांका त्याग बघूचो होतो तर आमच्याकडे येवचा होता. बोटीचा डिझेल वाचला असता.

प्रभा: गाऱ्हाण्यात काय बोललात ते तरी आठवतंय का? "बा देवा म्हाराजा, ह्यो डॉक्टर तुझ्या दारात इलोहा तो तुझ्यासाठी नाय, मंडळाच्या खुर्चीसाठी." आणि अठ्ठावीस जण एका सुरात, "व्हय म्हाराजा."

जयराम: ता म्हणूचाच लागता. नायतर गाऱ्हाणा पुरा होणा नाय.

प्रभा: तेवढं हसण्यावारी गेलं असतं. पण पुढचं?

जयराम: पुढचा माझा होता. चेडवाचा लगीन बावीस दिवसांवर इला. मॅनेजर म्हणता, उन्हाळो लागलो, आता आणखी कोणा एसीवाल्याक रजा नाय. तो मॅनेजर डॉक्टरांचो पेशंट. डॉक्टर म्हणाले, मी बोलतो. तीन येळा म्हणाले. मठात मी इतक्याच सांगलंय, म्हाराजा, ते नुसते "बोलतो" म्हणतत, आता खरोखर बोलण्याची तेंका बुद्धी दी.

प्रभा: व्हय म्हाराजा. मीही म्हटलं, लपवत नाही. सगळ्यात खणखणीत आवाज तर डॉक्टरांच्या मिसेसचा होता.

जयराम: तेंका राग इलो असतलो.

प्रभा: राग यायला सवड कुठे आहे? मघापासून बोटीच्या त्या टोकाला फोन कानाला लावून उभे आहेत. व्हिडिओखाली एकच प्रश्न पडतोय, जयरामच्या रजेचं काय झालं. आले बघा.

डॉ. नीरज: जयराम, एक मिनिट. प्रभा सिस्टर, तुम्हीही थांबा, विटनेस म्हणून. मी मॅनेजरशी बोललो. आत्ता, बोटीवरून. रजा सँक्शन. पंधरा दिवस.

जयराम: खरा काय?

डॉ. नीरज: हा त्याचा मेसेज. आता मी लाइव्ह जाऊन हे सांगणार. तुम्ही शेजारी उभं राहायचं आणि दोन शब्द बोलायचे. गाऱ्हाणं नको. नुसतं थँक यू.

प्रभा: डॉक्टर, एका फोनचं काम होतं, तर मार्चपासून अडलं कुठे होतं?

डॉ. नीरज: सिस्टर, प्रत्येक गोष्टीला टायमिंग असतं.

प्रभा: हो. मतदान पुढच्या शुक्रवारी आहे.

जयराम: डॉक्टर, पण आमच्या साइटवर दोघाच मेकॅनिक, मी आणि रूपेश. मॅनेजर म्हणत होतो, एका वक्ताक एकच सुटतलो. आणि त्याच दिवसांची रूपेशाची रजा तर कधीच मंजूर झाली.

डॉ. नीरज: ते ॲडजस्ट केलंय त्याने. रूपेश ऑक्टोबरमध्ये जाईल. यंग आहे.

जयराम: तेचो झिल सात महिन्यांचो झालो. तेणी अजून हातात घेवक नाय.

डॉ. नीरज: रोज व्हिडिओ कॉल असतो की. हे बघा, देवासमोर मागितलंत तुम्ही, मी करून दिलं. आता रूपेशला तुम्हीच सांगा, एका खोलीत राहता. मी जरा रेंज बघतो, किनारा जवळ आला की सुरू करू.

प्रभा: गेले. केस विंचरायला.

जयराम: ताई, माका ही रजा नको म्हणान सांगू?

प्रभा: सांगा. आणि लेकीला काय सांगणार?

जयराम: पत्रिकेत माझा नाव छापून झाला.

प्रभा: मग विचारता कशाला?

जयराम: कोणीतरी घेव नको म्हणात, म्हणान.

प्रभा: मी तसं म्हणणार नाही. माझीही मुलगी आहे. म्हणजे डॉक्टरांना खुर्ची, तुम्हाला मांडव. तो बघा, खालून रूपेश हात करतोय. डॉक्टर तुमच्याशी बोलताना दिसले ना त्याला. खुणेनं विचारतोय, झालं का म्हणून. काय सांगू?

जयराम: तुम्ही नको. मीच खाली जातंय. रजा खरी रूपेशान दिल्यान, खबर पयली तेकाच मिळांदे.