दुधासारखा धागा

रोपवाटिकेच्या रांगेत शिंपीणबाईंच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं. आजींनी पाण्याच्या पारदर्शक बाटलीत टोमॅटोचं कापलेलं खोड धरलं होतं.

“पानं हिरवीगार, आणि झाडानं अशी मान का टाकावी?” आजोबांनी विचारलं.

“जिवाणू आहेत,” आजी म्हणाल्या. “हे बघा, खोडातून पाण्यात दुधासारखा धागा उतरतोय.”

“औषध देतील ना?”

“यावर औषध नाही. मुळासकट उपटायचं, लांब टाकायचं, खुरपं धुवायचं. त्या मातीत पुन्हा टोमॅटो नाही, वांगी नाही, मिरची नाही.”

“मी रोज पाणी घातलं गं.”

“माहीत आहे मला.”

“तू दवाखान्यात होतीस, तेव्हा मी ह्याच्याशीच बोलायचो.”

“आता आले ना मी घरी? माझ्याशी बोला.”

“तू उलट बोलतेस. ते बिचारं ऐकून घ्यायचं.”

“बरं, आज मीही ऐकून घेते. काय सांगायचात त्याला?”

“हेच, की ती नसली की घर खायला उठतं.”

“अहो, हळू! मागे माणसं आहेत.”

शिंपीणबाईंनी पटकन गुलाबाच्या कुंड्यांकडे तोंड फिरवलं.

“औषध नाहीच, तर रांगेत कशाला उभं राहायचं?” आजी म्हणाल्या. “चला, दोघं मिळून उपटू.”

“मी उपटतो. तू नुसती शेजारी बस. वाकायचं नाही.”