खिडकीकडे तोंड करून

आनंद : मागच्या रविवारी गाण्याच्या सेटमधला ऑप-अ‍ॅम्प बदललास ना रे?

मयूर : बदलला ना काका. तुम्हीच बोललात, गाण्यातला तंबोरा एकदम मोकळा झाला.

आनंद : मग इकडे ये. सेटचं झाकण मी काढून ठेवलंय. ही आठ पायांची चिप, जी तू नवीन बसवलीस. तिच्यावर काय आहे?

मयूर : धूळ.

आनंद : धुळीच्या वर.

मयूर : जाळं. कोळ्याचं.

आनंद : आठवड्यात एवढं जुनं जाळं विणणारा कोळी नौपाड्यात तरी मी पाहिलेला नाही.

मयूर : काका, आत हात नका घालू. वायर काढलीय ना?

आनंद : विषय बदलू नकोस. खिडकीकडे तोंड करून, डोळे मिटून ऐकायचं, हा नियम माझा. तू मागे खुडबुड करायचास, ‘लावला काका’ म्हणायचास, आणि मी चहा थंड होईपर्यंत फरक सांगत बसायचो. हात कशावर चालायचे तुझे?

मयूर : झाकणाच्या स्क्रूवर. सैल करायचो, परत आवळायचो.

आनंद : आणि व्हॉल्व्ह? त्या काचेच्या नळ्या?

मयूर : पहिल्या दोन जोड्या खरंच बदललेल्या. आईशप्पथ. दिवाळीत नवीन जोडी खडवलीला घरीच राहिली. इथे आलो तर तुम्ही आधीच खिडकीकडे तोंड करून बसलेलात. मस्करीत बोललो, लावली.

आनंद : मग?

मयूर : मग तुम्ही उठून माझी पाठ थोपटलीत. बोललात, आता गाणाऱ्या बाईंचा श्वास ऐकू येतो.

आनंद : बोललो होतो.

मयूर : त्यानंतर कसं सांगणार?

नीला : (आनंदची बायको, आतून येत) चहा घ्या दोघं. आणि त्याला बोलू नकोस, आनंद. मी सांगितलं होतं त्याला.

आनंद : काय सांगितलं होतंस?

नीला : कानातला मळ काढायला गेलो होतो आपण, आठवतं? डॉक्टरांनी हेडफोन लावून तपासलं होतं तुला. तू बाहेर चपला घालत होतास, तेव्हा मला म्हणाले, वरचे बारीक आवाज गेलेत यांचे. आता परत यायचे नाहीत. तुलाच सांगणार होते. मी म्हटलं, राहू दे, मी सांगते घरी गेल्यावर.

आनंद : आणि सांगितलंस मयूरला.

नीला : जिन्यात गाठलं. त्याला आधीच शंका आली होती. म्हटलं, जे करतोस ते करत राहा बाबा. सोमवारपासून रविवारची वाट बघतो हा.

आनंद : आणि आपली डोंबिवलीची सेटवाली मंडळी? कुठला व्हॉल्व्ह गोड, कुठला कोरडा, ग्रुपवर मी लिहीत असतो. सुधीर तर मला विचारल्याशिवाय एक वायर घेत नाही. त्यांना?

मयूर : माहितीय सगळ्यांना. पण कोण हसत नाही काका. सांभाळून घेतात.

आनंद : हसले असते तर बरं झालं असतं.

नीला : असं काय बोलतोस?

आनंद : तू बस इथे, माझ्या खुर्चीत. मयूर, तूही ते स्टूल ओढ. तोंडं खिडकीकडे. डोळे मिटा.

मयूर : काका, झाकण तरी लावू द्या.

आनंद : असू दे. मी काही बदलणार नाहीये. तुमच्यासारखंच.

(आनंद सेट चालू करतो. काचेचे व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस होतात. गाणं तो लावत नाही.)

आनंद : काय ऐकू येतंय?

नीला : काही नाही. शांत आहे सगळं.

आनंद : मयूर, तू सांग. खरं.

मयूर : शिटी येतेय. बारीक. डाव्या स्पीकरमधून.

आनंद : मला नाही येत.

मयूर : हां.

आनंद : कधीपासून आहे?

मयूर : होळीच्या आधीपासून. काढायची तर सेट खडवलीला न्यावा लागला असता. तुम्ही विचारलं असतं, कशाला.

आनंद : म्हणजे दर रविवारी. गाणं चालू असतानासुद्धा?

मयूर : हळू गाण्यात जास्त.

आनंद : नीला? तुलाही येते ऐकू?

नीला : सवय झाली आम्हाला.