चंद्रीचा डोळा

ठेवा ती चांदीची म्हस खाली! मुशीत न्हाय, हितं माझ्या पदरात ठेवा — आन दुसरा डोळा कुठं हाय हिचा? डोळा, डोळा! खिशात? काड्याच्या पेटीत? वा रं वा, वकिलांचं चिरंजीव! खडा चांदीच्या भावात धरत न्हाईत म्हणून घरीच चाकूनं उपसून आणला, व्हय? कृष्णात, फुंकणी खाली ठेव. आई बोलतीया तवर भट्टीला हात लावायचा न्हाय.

बसा पावणं. बसा की! चांदी चढलीया, समदं गाव पैंजणं घिऊन आटवाय धावतंय, ठावं हाय मला — लेकानं दुसरं केलंय काय ह्या महिन्यात? पर म्हस आटवायची म्हणताय तर आधी ऐका. ह्याच सोनारांच्या गुजरीच्या मागल्या बोळात एक सोनार हुता, त्येची एक बायकू हुती, आन दारात एक म्हस हुती, चंद्री नावाची. चौदा कॅरेटचा कायदा आला, सोन्याचं काम बसलं, शेगडी गार पडली. सोनार आपला मेणाचा गोळा घिऊन चंद्रीम्होरं बसायचा. ती रवंथ करायची, ह्यो बघत ऱ्हायचा. बायकू वरडायची — अवं, म्हशीकडं बघून चूल पेटती व्हय? पेटत हुती की! तिच्याच दुधावर पेटत हुती. मग त्यानं मेणाची म्हस चांदीत वतली, गंधकाची धुरी देऊन काळी केली. बगा, उजवा कान मागं वळलाय — कशापायी? माशी बसली हुती म्हणून! बरगड्या दिसत्यात? दिसणारच. त्या साली कडबा कुणाच्या बापानं आणायचा?

आमच्या घरची रीत हाय — डोळं शेवटी बसवायचं. डोळं न्हाईत तवर चांदी. ठोका, वाकवा, आटवा. डोळं बसलं की जनावर, मग त्येला इस्तवात घालायचं न्हाय. आन तुमी काय समजला, डोळा उपसला की परत चांदी झाली? डोळा काढला म्हणून म्हस मरती व्हय? नुसती आंधळी हुतीया! खडं तरी सोनाराकडं कुठलं? बायकूनं कानातल्या कुड्या काढून दिल्या — तामडं हुतं त्यात, काळपट तांबडं, हुबेहूब म्हशीचा डोळा — माझ्या कानाकडं काय बघताय? व्हय, मोकळंच हायत. मीच ती.

तुमचं वडील, दत्तोपंत, घिऊन गेलं. भला माणूस. राजारामपुरीतल्या घरात काचेच्या कपाटात ठिवली, ती बघून गिऱ्हाईक आलं — हत्ती झालं, मोर झालं, ह्यो कृष्णात त्यावरच वाढला. ती समदी जनावरं मुंबईला न्हाईतर कुठं कुठं गेली. माझं मालक बी गेलं. दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशी सजवून काढत्यात न्हवं? त्या बघाय जाते म्हणून सांगायची, आन तुमच्या खिडकीखाली उभी ऱ्हायची. कृष्णाला बी ठावं न्हाय हे — आयकलंस? आयक मग! पाठीवर हात फिरवा, पावणं. लागला खळगा? मेणात मालकांचा अंगठा रुतला हुता. ते पुसाय निघालं, मी पुसू दिला न्हाय. एवढाच ऱ्हायलाय त्यांचा हात, आन त्योच तुमी आटवाय आणलाय!

रडत न्हाय. धूर हाय भट्टीचा.

कृष्णात, तराजू काढ. ह्या पारड्यात म्हस. त्या पारड्यात माझा कंबरपट्टा — गप! तुझ्या बायकूलाच देणार हुते, तिला सांग सासूनं म्हस दिली — आन पायातलं हे तोडं, दोन्ही. चांदीला चांदी. झाली बराबर? तुमच्या बाजूला झुकू दे जरा, मला चालतंय. बोला. कबूल असंल तर मान हालवा.

हालवली. बघितलंस, कृष्णा? पट्टा घाल मुशीत. आन ती काड्याची पेटी हिकडं द्या, डोळा बसवायचाय.

म्हस घरला आली, बाबा. ज्या दारात उपाशी उभी हुती त्याच दारात आली.

तुमी अजून बसलाय? चांदी झाली की कृष्णात दील, भाईर थांबा. आन म्हस बघावी वाटली तर पाडव्याला या — खिडकी हाय आमच्या घराला बी.