बोटीवरचा कोरडा संडास

हसू नका, पण माझ्या कफीलच्या, म्हणजे अरब मालकाच्या, बोटीवर संडास कोणता बसवायचा, हे मला ठरवायला सांगितलं होतं. सौदीत, राबिघला ती बोट मीच सांभाळतो ना!

दुकानदाराने आधी डब्याचा संडास दाखवला. मी विचारलं, "भरला की डबा उचलायचा कोणी?" तो नुसता माझ्याकडे बघून हसला. मी तिथल्या तिथे दुसरा घेतला. कोरडा, खालच्या बादलीत भुसा टाकायचा. "महिनोन्‌महिने बघायला नको," तो म्हणाला, "फक्त पाण्याचा थेंब आत जाता कामा नये."

पहिल्याच शुक्रवारी भर समुद्रात कफीलची आई आत गेली आणि तशीच बाहेर आली.

"पाणी कुठाय?"

"खाला, यात पाणी चालत नाही. कागद ठेवलाय."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि लेकाला म्हणाली, "बोट फिरव. यल्ला!"

दुसऱ्या दिवशी कफीलने स्वतः उभं राहून आत पाण्याचा फवारा बसवून घेतला.

आता दर शुक्रवारी भुशाची पेज झालेली ती डुचमळती बादली दोन्ही हातांत धरून मी अख्ख्या धक्क्यावरून चालतो. अरे, त्या डब्याला निदान झाकण तरी होतं!